अमावास्येला सफारी बंद

सौमित्र मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचं डोकं हेल्मेटमध्ये अडकलेलं होतं. हेल्मेट अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि मधे चष्मा वाकडा होऊन बसलेला. त्याच्या ऑफिसची बाकीची मंडळी क्वाड बाइकवर बसून फोटो काढत होती, आणि हा एकटा बांधावर उभा राहून स्वतःच्याच डोक्याशी कुस्ती खेळत होता.

"थांबा, थांबा... ओढू नका," मी धावले. "आधी चष्मा काढायचा, मग हेल्मेट, मग पुन्हा चष्मा."

"असं आहे होय!" आतून घुसमटलेला आवाज आला. "मग पाटीवर लिहा ना. इतक्या सूचना लिहिल्यात, नेमकी हीच नाही."

मी त्याचा चष्मा अलगद काढला, हेल्मेट खाली बसवलं, पट्टा लावला आणि काचा माझ्या रुमालाने पुसून चष्मा परत त्याच्या नाकावर ठेवला. हे मी सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी करते... म्हणजे काचा पुसत नाही. खोटं कशाला बोलू?

"आता दिसतंय?" मी विचारलं.

"हो," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "आता नीट दिसतंय."

मी वळले आणि उगाचच माझ्या गाडीचा आरसा पुसायला लागले.

मी कल्पिता. दिवा गावाच्या बाहेर, खाडीला लागून आमचं मिठागर आहे. आजोबांच्या काळात चाळीस वाफ्यांत मीठ पिकायचं, आता माझे वडील, म्हणजे आबा, हौस म्हणून सहा वाफे चालवतात. उरलेली जमीन पौषापासून वैशाखापर्यंत कोरडी ठाक पडलेली असते. पांढरी, भेगाळलेली, थेट खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांपर्यंत सपाट. दुपारी बारा वाजता तिथे उभं राहिलं तर डोळे दिपतात आणि आपण ठाणे जिल्ह्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. म्हणून मी पाटी लावली : 'ठाण्याचं वाळवंट – क्वाड बाइक सफारी'. खरं वाळवंट मी पाहिलेलं नाही. एकदा एका काकूंनी तक्रार केली, की अगं, इथे वाळू कुठाय? मी म्हटलं, काकू, वाळू नसली तरी ऊन भरपूर आहे, तेवढ्यावर भागवा.

गाड्या पाच. एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून जुन्याच घेतल्या. बसक्या, जाड चाकांच्या, म्हणून आबा त्यांना 'बेडकं' म्हणतात. चार गाड्या पाहुण्यांना, एक माझी. मी पुढे, बाकीचे मागे, आणि नियम एकच : माझ्या चाकांचा माग सोडायचा नाही. कारण वरचा पांढरा पापुद्रा कुठे दगडासारखा पक्का असतो, तर कुठे त्याच्याखाली कमरेएवढा चिखल. कुठे काय आहे ते मला रंगावरून कळतं. लहानपणापासून याच बांधांवर पळालेली आहे मी.

आबांना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. माझ्या आतेभावाने घोडबंदरच्या एका टॉवरमध्ये माझ्यासाठी रिसेप्शनची नोकरी बघून ठेवली होती. एसी, युनिफॉर्म, आणि रोज दोन तास ट्रॅफिक. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी आबांनी बोट वर करून सांगितलं, "एक हंगाम दिला तुला. पन एक बी गिऱ्हाईक चिखलान रुतला, त दुसरे दिवशी बेडकं इकून टाकीन. मंग मुकाट त्या घोडबंदरचे हापिसान जायचा. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आबांचा शब्द म्हणजे शब्द, आणि मी त्यांचीच मुलगी.

त्या दिवशी सौमित्रच्या ऑफिसच्या लोकांनी आरडाओरडा करत सफारी केली. हा मात्र माझ्या बरोबर मागे, आणि इतका हळू, की मागचे तिघं वैतागून हॉर्न वाजवत होते. परत आल्यावर मी विचारलंच, "एवढं सांभाळून का चालवत होता?"

"तुम्हीच म्हणालात ना, माग सोडायचा नाही."

"हो, पण थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं."

"थोडं म्हणजे किती? बोटभर? वीतभर?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. "ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"अहो, तुम्ही काम काय करता?"

"सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायच्या. दिवसभर तेच."

"बाई गं! आणि घरी गेल्यावर?"

"घरी वर्तकनगरला आई आहे. ती माझ्या शोधते."

मी हसले. तोही हसला, आणि हसताना त्याचा चष्मा पुन्हा वाकडा झाला.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी तो पुन्हा बांधावर उभा. एकटाच.

"ऑफिसवाले कुठेत?" मी विचारलं.

"त्यांना फारसं आवडलं नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला..." त्याने चष्मा सारखा केला. "गाडी मलाही फारशी आवडली नाही."

"मग?"

"मग काही नाही. हेल्मेट द्या ना."

मी हेल्मेट दिलं. त्याने ते हातात धरलं आणि चष्म्यासकट डोकं माझ्यापुढे वाकवलं. मी म्हटलं, "अजून जमत नाही होय?" तर म्हणतो कसा, "जमतं. पण तुम्ही घातलं की काचा पुसून मिळतात."

आता अशा माणसाचं काय करायचं?

सफारी झाल्यावर आम्ही बांधावर बसलो. खाडीवरून वारा येत होता आणि लांब तिवरांच्या मागे घरांचे मनोरे उन्हात थरथरत होते. "पुढच्या रविवारी येऊ?" त्याने विचारलं.

"पुढच्या रविवारी बंद. अमावास्या आहे."

"म्हणजे... तुमचा उपवास वगैरे?"

मी इतकी हसले, की वाफ्यात काम करणाऱ्या आबांनी मान वर करून पाहिलं. मग मी त्याला समजावलं. पौर्णिमा आणि अमावास्येला खाडीला उधाण येतं. त्या दिवशी आबा उघाडी सोडतात, म्हणजे बांधातलं लाकडी दार वर ओढून भरतीचं पाणी मिठासाठी आत घेतात. पाणी वाफ्यांत येतं तसं जमिनीतही मुरतं, आणि पापुद्रा वरून तसाच पांढरा दिसला तरी खालून लोण्यासारखा मऊ होतो. म्हणून आगेमागे दोन-दोन दिवस सफारी बंद. "आमच्याकडे बुकिंग वारावर चालत नाही, तिथीवर चालतं," मी म्हटलं. "आणि भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणकी करायची. आज अष्टमी. आठ गुणिले पाऊण?"

"सहा."

"मग संध्याकाळी सहाला भरती. पटत नसेल तर थांबून बघा."

मी थट्टेत म्हटलं होतं. हा खरंच थांबला! दिवसभर बांधावर बसून राहिला. आईने त्याला दुपारी फक्त पाणी दिलं. माझी आई, शालू, माणसाची पारख पाण्यापासून सुरू करते. पहिल्यांदा पाणी, मग चहा, मग भाकरी, असं तिचं गणित. संध्याकाळी खाडीचं पाणी चढत चढत थांबलं, काठाशी क्षणभर घुटमळलं आणि मागे वळलं. त्याने घड्याळ पाहिलं.

"सहा वाजून पाच मिनिटं," तो म्हणाला. "पाच मिनिटांनी चुकलीस."

चुकलीस. पहिल्यांदाच तो एकेरीवर आला, आणि आल्याचं त्याच्याही लक्षात आलं. कान लाल झाले त्याचे.

"मग लिहून घे," मी म्हटलं. "तुझं कामच आहे ते."

त्यानंतर तो एक रविवार आड येऊ लागला. तिसऱ्या खेपेला आईने चहा दिला. चौथ्या खेपेला तांदळाची भाकरी आणि सुकट. वर्तकनगरच्या त्या शहाण्या मुलाने डोळ्यांतून पाणी काढत सुकट संपवली आणि आणखी मागितली. आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात पुटपुटली, "तिखाट सोसत नाय त्याला, तरी खातंय. कोनासाठी खातंय गो?" मी म्हटलं, मला काय माहीत. माहीत होतं की मला! सगळं माहीत होतं.

पण एक रविवार आड म्हणजे किती लांब असतो, ते मला त्या आठवड्यात कळलं. सोमवारपासून मी फोन हातात घेऊन बसलेली. बुधवारी त्याचा मेसेज आला : 'या रविवारी येऊ?' मी कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. लिहिलं : 'ये ना!' दोन मिनिटांनी पुन्हा मेसेज : 'नक्की? याच रविवारी?' मी लिहिलं : 'हो रे, याच. दहा वाजता.' मग त्याने नुसता एक हसरा चेहरा पाठवला. त्याच आनंदात डोंबिवलीहून एका कुटुंबाचा फोन आला, लहान मुलांना घेऊन रविवारी दुपारी चारला येऊ का, तर त्यांनाही मी होकार देऊन टाकला.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "आबा उघाडीवर गेलाय." मी आरशासमोर होते. निळा कुर्ता की पिवळा, हा प्रश्न चालू होता. आईचं बोलणं कानावर पडलं, आत शिरलं नाही.

सौमित्र दहाला पाच मिनिटं असतानाच आला. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट! मिठागरावर पांढरा शर्ट घालून कोण येतं? मी हेल्मेट आणलं तर तो गोंधळला.

"आज... गाडी चालवायची?"

"मग काय, नुसती बघायला आलास?"

"नाही, म्हणजे..." तो माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरं. चालवूया."

त्याच्या अंगाला सोनचाफ्याचा वास येत होता. पट्टा लावताना माझी बोटं त्याच्या हनुवटीला लागली आणि पट्टा लावायला जरा जास्तच वेळ लागला. त्यानेही काही घाई केली नाही.

आम्ही निघालो. मी पुढे, तो मागे. मला त्या दिवशी जमिनीचा रंग दिसतच नव्हता, आरशातला पांढरा शर्ट दिसत होता. तो अगदी नेमका माझ्या मागावरून येत होता, बोटभरही इकडेतिकडे नाही. मी लांबच्या वाफ्याकडे वळले, तिवरांच्या जवळ, जिथून घरातलं कोणी दिसत नाही... आणि गाडीचं पुढचं चाक खाली गेलं.

आधी वाटलं, खड्डा असेल. मी जोर दिला. मागची चाकं गरागरा फिरली आणि काळा चिखल उडाला. पापुद्रा फुटला, गाडी पोटापर्यंत बसली. मी वळून पाहिलं तर सौमित्रची गाडी माझ्या मागे चार हातांवर, तशीच रुतलेली. पांढऱ्या शर्टावर काळे ठिपके. आणि तो शांतपणे घड्याळ बघत होता.

"सव्वा अकराला भरती आहे ना?" त्याने विचारलं.

"का? आज काय आहे?"

"पंधरा गुणिले पाऊण," तो म्हणाला. "अमावास्या आहे, कल्पिता."

आई काय म्हणाली होती ते आत्ता ऐकू आलं. आबा उघाडीवर गेलेत! मी, गणू आगऱ्याची मुलगी, जिला चालता येण्याआधी तिथी मोजता येत होत्या, ती मी अमावास्या विसरले होते. आणि चारला ती डोंबिवलीची माणसं... लहान मुलं घेऊन...

"तुला माहीत होतं?" मी जवळजवळ ओरडलेच. "दिवसभर लोकांच्या चुका शोधतोस ना? मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. तू गाईड आहेस."

"अरे, पण मग तू आलास कशाला? बंद असतं हे माहीत असून?"

त्याने हेल्मेट काढलं. आधी चष्मा, मग हेल्मेट, मग पुन्हा चष्मा. वेळ काढत होता. "तू 'ये' म्हणालीस म्हणून. मी दोनदा विचारलं. मला वाटलं... अमावास्येला गिऱ्हाइकं नसतात, तरी ही बोलावतेय, म्हणजे गाडीसाठी नाही. म्हणजे... माझ्यासाठी." त्याने खिशातून पानात गुंडाळलेली सोनचाफ्याची फुलं काढली. चार होती, दोन चेपलेली. "मग तू हेल्मेट आणलंस. मला वाटलं, काहीतरी मनात असेल तुझ्या. तुझा माग सोडायचा नाही, एवढं मला माहीत होतं."

"आणि चिखल दिसला तरी आलास?"

"दिसला. तरी आलो."

वेडा! इतका हुशार माणूस आणि इतका वेडा. मला रडू येत होतं आणि हसूही. मी गाडीवरून उतरले, पाय घोट्यापर्यंत आत गेले. आणखी काही बोलणार, तेवढ्यात बांधावरून आबांचा आवाज आला.

"अगं ए कल्पे! डोकी फिरलीय का तुजी? अमावास्या हाय आज!"

आबा खांद्यावर दोन फळ्या आणि हातात दोर घेऊन धावत येत होते. आमच्याजवळ पोचून त्यांनी रुतलेल्या दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "गिऱ्हाईक रुतला."

बस. दोन शब्द. माझा हंगाम संपला होता. डोळ्यांपुढे घोडबंदरचा तो टॉवर उभा राहिला.

"काका," मागून सौमित्र म्हणाला, "मी गिऱ्हाईक नाही."

"तू? चार येला बगलाय मी तुला या बेडकांवर."

"तेव्हा होतो. आज सफारी बंद आहे. अमावास्येला गिऱ्हाईक येत नाही, मला तिथी माहीत होती. मी आज..." फुलं धरलेला हात तसाच राहिला. "आज मी गाडीसाठी आलो नाही."

आबांनी फुलं पाहिली. शर्ट पाहिला. मग माझ्याकडे वळले. "मंग कोन हाय ह्यो?"

मित्र आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आबांनी ते गिळलं असतं, गाड्याही वाचल्या असत्या. मी तोंड उघडलं, आणि ते खोटं माझ्याच्याने बोलवेना.

"आबा, आदी माजी चूक आयक," मी म्हटलं. "तिथी मी इसरले. चारला डोंबिवलीची मान्सं येनार होती, बारकी पोरं घेऊन. त्यांना बी मी इकरंच आनली असती. तुना बेडकं इकायची असतील त ईक, मी कय बोलनार नाय."

"तू..." आबांचा आवाजच बदलला. "तू तिथी इसरली?"

"इसरले."

"आनि ह्यो?"

"ह्यो माजा हाय," मी म्हटलं.

झालं. बोलून गेले. खाडीचं पाणी उघाडीतून आत खळखळत होतं. सौमित्रला आमची बोली किती कळते कुणास ठाऊक, पण हे तीन शब्द त्याला पुरेपूर कळले. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

आबांनी खांद्यावरच्या फळ्या खाली टाकल्या. मग त्यांच्या मिशा हलल्या. "चार वर्साची होतीस तवाशी तिथी सांगतंस मना," ते म्हणाले. "आनि आज इसरली. मंग आता मी कं बोलू?" त्यांनी दोर सोडवायला घेतला. "गिऱ्हाईक रुतला असता त बेडकं इकली असती. आज घरचा मानूस रुतलाय. घरचे काय, रोजच रुततान. पयला फोन लाव त्या डोंबिवलीवाल्यांना. आनि आजपासना तिथी ह्यो बगल. तुजा डोका जाग्यावर नाय."

मी चिखलात उभी राहून फोन लावला. "माफ करा हं, आजची सफारी बंद... नाही, गाड्या ठीक आहेत... हो, अमावास्या... येत्या रविवारी या ना, मुलांना नक्की आणा, मी स्वतः..." आणि बोलता बोलता मला हसू फुटलं. डोंबिवलीच्या काकूंनाही काही न कळता हसू आलं असावं. पुढच्या रविवारी येतो म्हणाल्या.

"ए शर्टवाल्या!" आबा गरजले. "उबा काय रायलास? गिऱ्हाईक नाय ना तू? मंग वढ!"

सौमित्र ताडकन उतरला. फुलं कुठे ठेवावीत ते त्याला कळेना, म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली. मी चाफा केसांत खोचला, चेपलेली दोन फुलंसुद्धा. त्याने बूट काढले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोर धरला, ओढला, आणि पहिल्याच झटक्यात पाठीवर आडवा झाला. पांढऱ्या शर्टाचं नाव उरलं नाही. मी हात दिला तर त्याने तो धरला, पण उठायची घाई मुळीच केली नाही.

"पुन्हा म्हण ना," तो खालूनच म्हणाला.

"काय?"

"ते... काकांना सांगितलंस ते."

मी खाली वाकले. आबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात पुन्हा म्हटलं, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं. त्याच्या काचांवर चिखल होता. मी कुर्त्याच्या बाहीने पुसल्या, पिवळ्या कुर्त्याच्या, जो निवडायला मला पाऊण तास लागला होता.

"बोलनं मागनं करा," आबा बांधावरून ओरडले. "पानी आयला!"

सौमित्र उठला. आम्ही दोघांनी मिळून दोर धरला आणि ओढायला लागलो.